नऊची गाठ

घुमट पडला तेव्हा सून खाली विटांसाठी मातीचा गारा कालवत होती. आधी एक वीट निसटली. ती आत पडल्याचा आवाज आला, मग दोन-तीन एकदम, आणि मग वरच्या दोन फेऱ्या सगळ्याच्या सगळ्या आत बसल्या. दारातून धूळ बाहेर आली. परांचीवर तिचा नवरा थापी धरून उभा होता. थापीवर गारा तसाच होता आणि तो लावायला समोर काही उरलं नव्हतं.

"लागलं का हो?" ती ओरडली.

"मला कशाला लागतंय? मी बाहेर आहे."

तो खाली उतरला. पिंपातल्या पाण्याने हात धुतले, मग कोपरं धुतली. धुण्यासारखं काही राहिलं नाही तरी धूतच राहिला. झाडाखाली खाटेवर सासरा बसला होता. त्याला गाव मोठा मिस्त्री म्हणायचं आणि घरात आबा. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता, पण कान शाबूत होते.

"कितवी फेरी?" त्याने विचारलं.

"सातवी," नवरा म्हणाला.

आबाने कमरेची दोरी चाचपली. त्याने हयातीत तेवीस कोठारं बांधली होती. गोल भिंत, वर विटांचा घुमट, खाली ना टेकू ना फळी. उंदराला कोपरा सापडत नाही म्हणून गोल, आणि लाकूड महाग म्हणून बिनटेकूचा. तेवीसच्या तेवीस अजून उभी होती. चोविसावं पोराच्या हातचं, आणि ते पडलं.

त्या घरात घुमटाचं सगळं ज्ञान एका दोरीत होतं. आबाच्या बापाने ती वळली होती. दोरीला दहा मोठ्या गाठी. एक मोठी गाठ म्हणजे विटांची एक फेरी. दोन मोठ्या गाठींच्या मध्ये बारीक गाठी. त्या पुढच्या फेरीत किती विटा कमी लावायच्या ते सांगायच्या. पहिली फेरी अठ्ठेचाळीस विटांची, हे तोंडपाठ. पुढचं दोरी बोटांखालून सरकवत करायचं. अक्षर येत नसलेल्या माणसांनी असं डोकं चालवलेलं पाहिलं की शिकल्यासवरल्यांची बोलती बंद व्हावी. पण दोरी एकाच मापाची होती, आणि यंदा गावाला दीडपट रुंद कोठार हवं होतं. पीक जास्त आलं होतं.

नवऱ्याने भिंतीवर खडूने हिशेब मांडला होता. रुंदी दीडपट, तर विटा दीडपट, अठ्ठेचाळीसच्या बहात्तर. एक सोडायची तिथे दीड सोडायची, दोन तिथे तीन, तीन तिथे साडेचार. आबानेही मान डोलावली होती. हिशेबात खोट काढायला कुठे जागाच दिसत नव्हती.

दुपारी कोठाराचा कारभारी आला. त्याने दारातून आत वाकून पाहिलं, मग वर मोकळ्या आभाळाकडे पाहिलं.

"मिस्त्री, दहा दिवसांनी गाड्या लागतील. धान्य काय उघड्यावर ओतू?"

"दहा दिवसांत करतो," नवरा म्हणाला.

"हे काम घेतानाही करतोच म्हणाला होतास." कारभारी वाईट माणूस नव्हता, पण त्याला गावाला तोंड द्यायचं होतं. "हे बघ, पत्रेवाल्याला निरोप धाडलाय. माप घेऊन ठेवू दे त्याला. आठव्या दिवशी घुमट मिटलेला दिसला नाही तर तो पत्रा ठोकून मोकळा होईल. मग पुढच्या गावांचंही तू समजून घे."

समजून घेण्यासारखंच होतं. तीन गावं कोठार बांधायच्या विचारात होती आणि तिन्ही गावांची नजर इथेच होती. इथे पत्रा चढला की तिथेही पत्रा. मग त्या घराला मिस्त्री म्हणायचं कारण उरणार नव्हतं. नवऱ्याने दुसऱ्यांच्या विटा वाहायच्या आणि आबाने ते कानांनी ऐकायचं.

पत्रेवाला संध्याकाळच्या आतच आला. सून पडलेल्या विटा उचलून गारा खरवडत होती. त्याने टेप काढली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, जरा हे टोक धरता का?"

तिने धरलं. नाही कशी म्हणणार? ती भिंतीला टोक लावून उभी राहिली आणि तो आपल्या छपराचं माप घेत समोरच्या भिंतीपर्यंत गेला. नवरा पाठ करून विटा रचत होता. त्याच वेळी नेमक्या त्याच्या हातून दोन विटा पडल्या.

घरी गेल्यावर आबाने कमरेची दोरी सोडली आणि तिच्यापुढे धरली. "सूनबाई, टाक ही चुलीत."

"आबा, असं काय करता?"

"माझ्या बापाला ठाऊक होतं तेवढं हिच्यात आहे. पुढचं हिला ठाऊक नाही. उगाच कमरेला ओझं कशाला?"

तिने दोरी घेतली, चुलीत टाकली नाही, आपल्या पिशवीत टाकली. त्या पिशवीत सातवीचं गणिताचं पुस्तक होतं.

ते पुस्तक म्हणजे घरातला थट्टेचा विषय होता. लग्नाआधी तिची शाळा सहावीत सुटली होती. आता तिशी उलटल्यावर दुपारी दोन ते चार शाळेत बायकांचा वर्ग भरायचा, तिथे ती सातवीच्या परीक्षेला बसणार होती. "बाईसाहेब कलेक्टर होणार आहेत," असं नवरा म्हणायचा, आणि वर्गाची वेळ झाली की तिच्या हातातलं घमेलं काढूनही तोच घ्यायचा.

दुसऱ्या दिवशीही त्याने घेतलं. "जा तू. विटा काय पळून जात नाहीत."

वर्गात नऊ जणी होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं: तीन, चार, सहा, नऊ, तेरा. पुढे रिकामी चौकट.

"पुढची संख्या कोण सांगेल? घाई नको. दोन संख्यांमध्ये किती फरक आहे ते बघा."

दूधवाली म्हणाली, "बाई, मला दुधातला फरक विचारा, लगेच सांगते." सगळ्या हसल्या.

सून हसली नाही. तीन आणि चारमध्ये एक. चार आणि सहात दोन. मग तीन, मग चार. तिचा हात आपोआप पिशवीत गेला. दोरीची पहिली मोठी गाठ, मग एक बारीक. मोठी, मग दोन बारीक. मोठी, मग तीन. तिने न बघता शेवटपर्यंत बोटं फिरवली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. दोरीत तर हेच होतं. फळ्यावर चढत होतं, दोरीत उतरत होतं, एवढाच फरक.

तिच्या अंगावर काटा आला. आबाच्या बापाने हे कधी पुस्तकात पाहिलं नव्हतं. ज्याने पुस्तक लिहिलं त्याने कधी घुमट बांधला नसेल. दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊन एकाच दारात उभे होते.

"अठरा," ती म्हणाली.

"बरोबर. कशावरून?"

"दरवेळी एक जास्त. आमच्या घरी असंच करतात."

बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी शाबास म्हटलं आणि पान उलटलं. पुढचा धडा प्रमाणाचा होता. एका चित्राची रुंदी चार, उंची सहा. रुंदी सहा केली तर उंची किती करावी?

"सहाच ठेवली तर काय बिघडलं?" शिवणकाम करणारी विचारत होती.

"चित्रात माणूस असेल तर त्याचं तोंड चपटं होईल," बाई म्हणाल्या. "रुंदी दीडपट, तर उंचीही दीडपट. नऊ."

चपटं, हा शब्द सुनेच्या कानात राहिला. पाचव्या, सहाव्या फेरीलाच घुमट तिला खालून चपटा वाटला होता. तेव्हा तिला वाटलं, मोठा आहे म्हणून तसा दिसत असेल. नवऱ्याने विटा दीडपट केल्या होत्या. फेऱ्या मात्र दहाच धरल्या होत्या, कारण दोरीला गाठी दहाच होत्या. रुंदी वाढली आणि उंची होती तेवढीच राहिली.

ती वर्गातून लवकर उठली. घरी न जाता कोठाराच्या मागच्या सावलीत बसली आणि वहीत लिहू लागली. दीडपट म्हणजे दोनाच्या जागी तीन. म्हणजे दोरी जिथे दोन फेऱ्या चढते तिथे तिने तीन चढायचं. दोरी पहिल्या दोन फेऱ्यांत एक आणि दोन, मिळून तीन विटा सोडते. त्याच्या दीडपट साडेचार. ते तीन फेऱ्यांत वाटायचे, तर प्रत्येकी दीड. पण दोरी कधी सारखं वाटत नाही, ती दरवेळी वाढवते. म्हणून तिने अलीकडे अर्धी काढली, पलीकडे अर्धी घातली. एक, दीड, दोन.

मग तीन आणि चार, मिळून सात. दीडपट साडेदहा. तिघांत वाटून तीन, साडेतीन, चार.

मग पाच आणि सहा. दीडपट साडेसोळा. पाच, साडेपाच, सहा.

सात आणि आठ. सात, साडेसात, आठ.

तिने पेन खाली ठेवलं. कुठेही ओढाताण करावी लागली नव्हती. तिघातली पहिली आणि तिसरी संख्या दरवेळी दोरीतलीच निघत होती, आणि मधे तिच्यासाठीच जागा ठेवल्यासारखी साडेची संख्या येऊन बसत होती. हे कुणी असं करून ठेवलं असेल? कुणीच केलेलं नव्हतं, ते होतंच असं. तिला एकदम रडू आलं आणि रडायला काही कारण नव्हतं, म्हणून तिने पदराने नाक पुसलं आणि उठली.

नवरा विटा खरवडत होता. तिने वही पुढे केली.

"अहो, फेऱ्या कमी पडल्या. दहा धरल्या तुम्ही. दोनाला तीन धरायला हव्यात."

"पुस्तकातलं घुमटाला चालत नाही," तो म्हणाला. त्याचे हात रात्रीपासून सुजले होते. "बाईंनी बांधलाय का कधी घुमट?"

"बाईंचं नाही हे, दोरीचंच आहे."

"दोरीचं मला सांगू नकोस. मी पण दोरीचंच केलं होतं, पडलं ना?"

"अरे, ओरडतोस कशाला?" आबा खाटेवरून म्हणाला. "पोरी, इकडे ये. मला वाचता येत नाही, तू बोलून दाखव."

ती त्याच्या पायाशी बसली आणि एकेक आकडा बोलली. आबाची बोटं आपल्या मांडीवर चालत होती, दोरी असल्यासारखी. ती आठवर येऊन थांबली.

"आणि नऊ?" आबाने विचारलं. "नऊची गाठ कुठे येते तुझी?"

"सगळ्यात शेवटी. चौदाव्या फेरीला."

"आणि ह्याची कुठे आली होती?"

नवऱ्याने खडूचा हिशेब आठवला. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. "सातव्या फेरीला," तो म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला कळलं.

आबाने मोठा श्वास सोडला. "सातव्या फेरीला नऊ विटा सोडल्या! अरे, नऊ सोडल्या की वीट आडवी निजते. शेवटी फेरी एवढीशी उरते, विटा एकमेकींना दाबून धरतात, म्हणून निजली तरी पडत नाही. तू चाळीस विटांच्या फेरीला निजवलीस. कोण धरणार तिला?" मग तो स्वतःशीच पुटपुटला, "आणि मी मान डोलावली. पन्नास वर्षं दोरी हातात धरली, पण कधी विचारलं नाही तिला."

"मग बांधायचं का असं?" सुनेने विचारलं.

"बांधायचं म्हणजे? उरलेल्या पाचांतल्या चार फेऱ्याही उतरवा. पहिली तेवढी राहू दे."

उरलेलं उतरवण्यात तो दिवस आणि पुढचा अर्धा गेला. गारा दिवसाला दोन फेऱ्यांचंच वजन धरतो. एक फेरी उभी, उरल्या तेरा. दोनाच्या हिशेबाने सात दिवस लागणार होते. कारभाऱ्याच्या आठ दिवसांत ते बसत नव्हतं. सून जाऊन त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचे दहा दिवस होते. आम्हाला नववा दिवस द्या."

"नवव्याला तरी मिटेल कशावरून?"

"मोजलंय," ती म्हणाली. कारभाऱ्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

आबाने नवी दोरी वळली. सून आकडा सांगायची आणि तो गाठ मारायचा. अर्ध्या विटेपाशी तो अडला, कारण त्याच्या बापाने कधी अर्धी गाठ मारली नव्हती. थोडा वेळ विचार करून त्याने तिथे गाठ न मारता दोरीला नुसता पीळ दिला. "ही अर्धी," तो म्हणाला, आणि स्वतःवरच खूश झाला.

मग काम सुरू झालं. सून गारा कालवायची, घमेलं डोक्यावर घेऊन परांचीची शिडी चढायची, विटा वर द्यायची आणि मोजायची. नवरा वीट पाण्यात बुडवायचा, गारा लावायचा, वीट दाबून धरायचा आणि वीस मोजून हात काढायचा. एकाहत्तर. साडेएकोणसत्तर. साडेसदुसष्ट. अर्धी वीट तोडायला तो थापीच्या कडेने एकच ठोका मारायचा. उन्हाने त्याची मान सोलली. तिच्या डोक्यावर चुंबळीखाली फोड आला. वर्गाची वेळ होऊन जायची आणि दोघांनाही कळायचं नाही.

कामाच्या चौथ्या दिवशी दुपारी सातवी फेरी पुरी झाली आणि त्याच दिवशी आठवी सुरू करायची होती. नवरा पहिली वीट हातात धरून थांबला.

"किती?"

"बावन्न. पाच सोडायच्या."

"पाचच," तो म्हणाला. त्याने वीट लावली, दाबली, वीस मोजले. हात काढताना तो इतका हळू काढला की सुनेने श्वास रोखला. वीट जागेवर राहिली. त्याने दुसरी लावली. आबा खाली घुमटाच्या आत जाऊन उभा होता, पडला तर आधी त्याच्याच अंगावर. कुणी बोलावलं तरी बाहेर येत नव्हता.

"आबा, बाहेर या ना!"

"मला इथून ऐकू येतंय. तुम्ही लावा."

फेरी मिटली तेव्हा तो आतून म्हणाला, "गप्प आहे घुमट. चांगला गप्प आहे."

त्यानंतर गाव बघायला येऊ लागलं. साडेशेहेचाळीस, साडेचाळीस, साडेतेहतीस. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा लहान होत होती आणि लहान होण्याचा वेग वाढत होता. सुनेला आकडे आधीच ठाऊक होते, तरी विटा त्या आकड्यांवर येऊन बरोबर मिटल्या की तिला दरवेळी नव्याने आश्चर्य वाटायचं. कागदावर सावलीत बसून लिहिलेली गोष्ट इथे उन्हात वजनासकट उभी राहत होती. नवराही थट्टा विसरला होता. फेरी संपली की तो तिच्याकडे बघायचा आणि ती पुढचा आकडा सांगायची. पत्रेवाला एकदा येऊन गेला. बराच वेळ मान वर करून उभा राहिला आणि कुणाला टेप न धरायला लावता गेला.

नवव्या दिवशी अठरा विटांची फेरी मिटली आणि त्यावर शेवटची, नऊ विटांची. त्या नऊ विटा जवळजवळ आडव्या होत्या. नवऱ्याने शेवटची वीट सरकवली तेव्हा ती दोन्ही बाजूंनी दाबून घट्ट बसली. मधे परातीएवढं भोक उरलं. आतल्या अंधारात उजेडाचा एक गोल पडला.

"आता?" नवऱ्याने विचारलं.

सुनेने दोरी चाचपली. पुढे गाठ नव्हती. पुढचा आकडा तिने वहीत काढून पाहिला होता, साडेनऊ; आणि नऊ विटांतून साडेनऊ सोडता येत नाहीत. "संपलं," ती घाबरून म्हणाली. "पुढे काही निघतच नाही."

खालून आबा मोठ्याने हसला. "निघणार नाहीच! पुढे टोपी."

दर घुमटाला टोपी असते, एक सपाट गोल दगड. एरवी तळहाताएवढा पुरायचा. यंदा आबाने चार दिवस आधीच जुन्या मोडक्या जात्याची खालची तळी घासून ठेवायला सांगितली होती. भोक किती उरेल हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मांडीवर बोटं चालवून काढलं होतं.

दोघा-तिघांनी तळी दोराने वर चढवली. नवऱ्याने ती घेण्यासाठी हात पुढे केले.

"तू नको," आबा म्हणाला.

त्या घरची रीत गावाला ठाऊक होती. ज्याने मोजलं त्याने टोपी बसवायची. आणि टोपी बसवून तिच्यावर उभं राहायचं, धान्याच्या आधी स्वतःचं वजन घुमटावर घालायचं. तेवीस वेळा आबा उभा राहिला होता. चोविसाव्या वेळी आपली पाळी, असं नवऱ्याने लहानपणापासून धरलं होतं.

कारभाऱ्याने त्याला विचारलं, "मोजणी कुणाची?"

नवऱ्याने गाऱ्याने भरलेले हात मांड्यांना पुसले. "हिची," तो म्हणाला, आणि परांचीवर जरा बाजूला सरून त्याने तिला हात दिला.

ती घुमटावर गुडघ्यांनी चढली. तळी भोकावर सरकवली आणि कडेने गारा भरला. आतला उजेडाचा गोल बारीक होत गेला आणि विझला. मग तिने पदर खोचला, एक पाय तळीवर ठेवला, मग दुसरा, आणि सरळ उभी राहिली.

काहीही हललं नाही.

खाली अंधारात आबाने दोन्ही तळहात भिंतीला लावले होते. "उभी आहेस का गं?" त्याने आतूनच विचारलं. त्याचा आवाज सगळ्या विटांमधून आला.

"उभी आहे, आबा."

तिच्या पायाखाली नऊ होत्या. त्याखाली अठरा, त्याखाली सव्वीस, साडेतेहतीस, साडेचाळीस, आणि अशा पार बहात्तरपर्यंत, सगळ्या आपापल्या जागी. रस्त्यावर एक दिवस आधीच आलेल्या पहिल्या गाडीची धूळ दिसत होती.

"उतर आता," नवरा म्हणाला. "गाड्या आल्या."

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.